फिनिक्स मिलमधल्या ट्रान्सच्या रात्री कुणाला आठवतात?

गिरणगावचा_पोर:
२००३-०४ च्या सुमारास फिनिक्स मिलमधल्या ‘फायर अँड आइस’ या डान्स क्लबला जाणारं कुणी आहे का इथे? बाबांनी ज्या आवारात साच्यांवर पाळ्या केल्या, तिथेच मी रात्री उशिरापर्यंत ट्रान्सवर, त्या वेगवान इलेक्ट्रॉनिक संगीतावर, नाचायचो. घरी कधी सांगितलं नाही. ब्रेकडाउनला ठोका थांबायचा, नुसते सूर चढत जायचे, सगळे हात वर करून वाट बघायचे. आणि ठोका परत पडला की छातीतच जाणवायचा. तसं पुन्हा कुठेच झालं नाही.

डोंबिवली_फास्ट:
मी होतो! पण माझा जीव हाउस संगीतावर. ट्रान्स मिनिटाला साधारण १३८ ठोक्यांनी पळतो, हाउस १२५ च्या आसपास चालतो, त्यात दमही लागत नाही. मी कायम डीजेच्या टेबलाला चिकटून. पायोनियरचा सीडीजे-१०००, म्हणजे डीजेंचा सीडी प्लेयर, तेव्हा नवाच होता, २००१ चा. चकतीवर बोट टेकवलं की सीडीसुद्धा रेकॉर्डसारखी थांबायची. एका कानाला हेडफोन, दुसरा कान हॉलकडे, आणि दोन गाणी जुळेपर्यंत तो माणूस श्वासही घेत नसावा.

माहीमची_मुलगी:
रात्री दीडला क्लब बंद करायला दिवे लागायचे ना? पहिली लोकल चारनंतर. तोवर स्टेशनबाहेर गाडीवर भुर्जीपाव, कानात शिट्टी वाजतेय, कुणी बोललेलं धड ऐकू येत नाही.
पुढे मथुरादास मिलमध्ये २००७ ला ब्लू फ्रॉग हे लाइव्ह संगीताचं क्लब आलं, २०१६ ला तेही गेलं.

गिरणगावचा_पोर:
भुर्जीपाव! अगदी. बाबा कामाला निघायचे त्याच सुमारास मी चाळीचा जिना चढायचो, चपला हातात घेऊन.