प्रबंधाचं पुस्तक करायचंय, मेल आलेल्या प्रकाशकाला द्यावं का?

झोका_पारोळा
राम राम मंडळी. मी पारोळ्याकडच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, झोक्यावर म्हणतात त्या अहिराणी (आमच्या खानदेशातली बोली) गाण्यांवर जळगावच्या विद्यापीठातून माझी पीएच.डी. झाली. आता परदेशातल्या एका प्रकाशन संस्थेची मेल आलीय. प्रबंध आहे तसा पाठवा, महिनाभरात पुस्तक काढतो, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) देतो, पैसे लागणार नाहीत. स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात, आंतरराष्ट्रीय प्रकाशक म्हणजे बढतीसाठी मोजले जाणारे १२ गुण, सोडू नका. गुण मलाही हवेत. पण ज्या बायांनी हातातलं काम टाकून मला गाणी सांगितली, त्यांचं नाव नीट छापून यावं असं फार वाटतं. काय करू?

पांझराकाठ
ताई, पाठवू नका. मी धुळ्यात बरीच वर्षं संशोधनाची हस्तलिखितं वाचतोय, त्यावरून सांगतो.

तुमच्या प्रबंधातलं एक पानही न वाचता ज्याने होकार दिला, त्याला तुमच्या कामाचं काही पडलेलं नाही. तुमचं नाव त्यांना शोधगंगेवरून, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातून, सहज मिळतं. आयएसबीएनचं अप्रूप नको, भारतात तो फुकट मिळतो आणि दर्जाशी त्याचा संबंध नाही.

खऱ्या विद्यापीठीय प्रकाशनाची रीत वेगळी. तिथे आधी प्रस्ताव जातो: पुस्तकाचा मुद्दा काय, प्रकरणं कोणती, वाचणार कोण, या विषयावर आधी काय आलंय, शब्दसंख्या किती. सोबत एक-दोन नमुना प्रकरणं. संपादकाला पटलं तर ते विषयातल्या दोन बाहेरच्या जाणकारांकडे जातं. त्यांचे अभिप्राय यायला महिनोन्‌महिने लागतात. प्रत्येक आक्षेपाला तुम्ही लेखी उत्तर द्यायचं. शेवटचा शब्द विद्वानांच्या मंडळाचा. ऑक्सफर्डला त्यांना डेलिगेट्स म्हणतात. हे सगळं कंटाळवाणं वाटेल, पण ते अभिप्राय हीच खरी कमाई आहे. तुमची गाणी इतक्या बारकाईने वाचणारा माणूस एरवी भेटणार कुठे?

पैशांचं म्हणाल तर नेहमीच्या छापील पुस्तकासाठी चांगलं विद्यापीठीय प्रकाशन सहसा लेखकाकडे पैसे मागत नाही. सर्वांना मोफत वाचता येईल अशी आवृत्ती हवी असेल तर मात्र मोठी रक्कम लागते, ती बहुधा संस्था किंवा अनुदान भरतं.

आणि गुण. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १२, राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १०. दोन गुणांसाठी आयुष्यभराचं काम देऊन टाकायचं?

प्रबंध तसाच मात्र कुठेच देऊ नका. गृहीतकं, संशोधनपद्धती, पूर्वसंशोधनाचा आढावा हे परीक्षकांसाठी लिहिलेलं असतं. वाचकाला आधी झोका दिसू द्या, माहेरी आलेली लेक दिसू द्या. आढाव्यातलं जे खरंच लागतं ते दोन पानांत बसतं. भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण करणाऱ्या ग्रिअर्सनने १९०७ च्या खंडात खानदेशी, म्हणजे अहिराणी जिच्यात येते ती भाषा, भिल्ल भाषांबरोबर घातली, हे तुमच्या विषयाला लागतं. ते ठेवा, आणि तुमचं मत ठामपणे मांडा. २०११ च्या जनगणनेत अहिराणी धरून खानदेशी बोलणारे १८ लाख ६० हजार आहेत. एवढ्या लोकांच्या गाण्यांवरचं पुस्तक घाईत निघू नये.

सातपुडा_नंदुरबार
सर म्हणतात ते बरोबर, पण एक विचारतो. असं पुस्तक इंग्रजीत निघणार, आणि त्याची किंमत हजारांत जाते. पारोळ्याची कोणती बाई ते घेईल? मी तर मराठीतच काढा म्हणेन. ताई, तुमनं काम भारी शे, ते आपल्या लोकांनी वाचायला पाहिजे.

पांझराकाठ
दादा, मोलाचं बोललात. म्हणूनच करार वाचताना ताईंनी एक कलम बघावं: भाषांतराचे हक्क कोणाकडे? मराठी आवृत्तीचा हक्क स्वतःकडे राखून ठेवा, आणि तसं लिहून घ्या. पुस्तक छापणं बंद झालं तर हक्क परत येतात का, तेही बघा. संपादक सहसा बोलायला तयार असतात. मागायला लाजू नये.

दुसरं, त्या बायांबद्दल. गाणी परंपरेची असली तरी गाणारीचा तिच्या गायनावर कायद्याने हक्क असतो. रेकॉर्डिंग, फोटो, नाव, प्रत्येकासाठी त्यांना विचारा. ज्यांना सही येत नाही त्यांना मोठ्याने वाचून दाखवा आणि त्यांचा होकार रेकॉर्ड करा. नाव द्यायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं. प्रकाशक परवानग्या मागतोच, पण त्याने मागायच्या आधी हे झालेलं असावं.

झोका_पारोळा
सर, दादा, मनापासून आभार. त्या मेलला आजच नकार कळवते. नावाचं मी सगळ्यांना परत विचारेन. दोघीजणी हयात नाहीत, त्यांच्या घरी जाऊन विचारते. आता एक अडचण: प्रबंध डीटीपीवाल्याने श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलाय. प्रकाशकाला तो चालेल का?

पांझराकाठ
चालणार नाही, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर नीट दिसेल अशा रूपात, करून घ्या. रूपांतराची साधनं आहेत, पण अहिराणी शब्दांत रफार आणि जोडाक्षरं बिघडतात, म्हणून गाण्यांची प्रत्येक ओळ मूळ रेकॉर्डिंग ऐकत तपासा. आणि प्रस्ताव पाठवण्याआधी एखादं प्रकरण लेख म्हणून आमच्या धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाच्या ‘संशोधक’ नियतकालिकाकडे पाठवून बघा. प्रस्ताव तयार झाला की इथे टाका, मी वाचतो.