वळिवड्याचे पोलिश आणि ‘आधी आपली माणसं’

करवीरकर:
काल इथेच एकाने लिहिलं, ‘आपल्याच लेकरांना पुरत नाही, परके निर्वासित कशाला पोसायचे?’ रात्रभर डोक्यातून गेलं नाही. मी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या बाजूचा. १९४३ पासून आमच्या शेजारी पाचेक हजार पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका-पोरं. स्टॅलिनने घरातून उचलून सायबेरियात टाकलेली, इराणमार्गे इथवर आलेली. ना भाषा आपली, ना धर्म. आमची आजी कॅम्पात काकड्या विकायची. शेवटपर्यंत त्या पोरांची आठवण काढायची. घर गेलेल्याला दारात उभं करून ‘तू कुणाचा’ विचारू नये.

स्पष्टवक्ता:
अर्धीच गोष्ट सांगता. कॅम्प इंग्रजांच्या काळात झाला, खर्च देश गमावून लंडनमध्ये बसलेल्या पोलिश सरकारचा. त्याच वर्षी बंगालात माणसं भुकेने मरत होती. फुकटचं मोठेपण नको.

करवीरकर:
खर्चाचं मान्य. पण १९४८ पर्यंत ते गेले आणि त्याच जागी फाळणीतले सिंधी आले. त्याचंच गांधीनगर झालं, आपलं कापडबाजाराचं. लग्नाचा बस्ता बांधायला तिथेच जाता ना?

कोयनाकाठची:
बस्ता राहू द्या. आमचं गाव कोयनेत बुडालं. पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ ला, तोवर धरण भरून दहा-बारा वर्षं झाली होती. पोलिश पोरांना शाळा, दवाखाना मिळाला. आमचे वडील जमिनीसाठी कचेरीचे उंबरे झिजवत गेले.

स्पष्टवक्ता:
हेच तर मी म्हणतोय!

कोयनाकाठची:
नाही दादा. माझं दुःख तुमच्या दाराला कुलूप म्हणून लावू नका. नव्या गावात आईला विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, ‘धरणवाले’ म्हणून. ती सगळी मराठीच माणसं होती, तुमची ‘आपली’.

मिरजकर:
ताई, तुम्हाला दिलेली जमीन आभाळातून पडत नाही. आमची चार एकर स्लॅबमध्ये गेली, म्हणजे धरणग्रस्तांना द्यायला ठराविक मर्यादेवरची जमीन सरकार काढून घेतं त्यात. उरलेल्या सातबाऱ्यावर अजून पुनर्वसनाचा शेरा आहे, विकता येत नाही.

कोयनाकाठची:
मोबदला घेतलात ना?

मिरजकर:
त्या पैशात आज गुंठा येत नाही! आणि विहिरीवर आम्ही कुणाला अडवलं नाही. सगळ्यांना एका मापात मोजू नका.

स्पष्टवक्ता:
विहिरीचं वाचून गप्प बसलो होतो, ते चूकच. पण संयुक्त राष्ट्रांच्या १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, इथे वेगळा कायदाही नाही. कुणाला ठेवायचं ते त्या त्या सरकारची मर्जी. सरसकट दार उघडायला माझा विरोध कायम.

करवीरकर:
मग कायदा मागा. मर्जीवर राहणारं माणूस रोज भीतीत जगतं, एवढं तरी पटतं का?

स्पष्टवक्ता:
तेवढं पटतं.

मिरजकर:
शेऱ्याचं कुणीच बोलत नाही.