सिम्पलबीजीसी बोर्डाचा गिंबल (कॅमेरा स्थिर ठेवणारी मोटरची चौकट) मोबाइलवरून ट्यून करायचा आहे. फोन पेअर होतो, पण ॲप बोर्ड वाचत नाही

प्रश्न : ड्रोनवरचा, गोप्रो कॅमेऱ्याचा तीन अक्षांचा गिंबल, ३२-बिट बोर्ड, एचसी-०६ ब्लूटूथ मॉड्यूल, ॲन्ड्रॉइड फोन. १२३४ पिन टाकून पेअर होतो, पण ॲपमध्ये कनेक्ट दाबलं की टाइमआउट. मैदानावर लॅपटॉप न्यायचा नाहीये. शिवाय टिल्ट (कॅमेरा वर-खाली कलवणारी) मोटर बारीक गुणगुणते. पी (कॅमेरा हलला की मोटर किती जोराने सावरते ते मूल्य) कमी करू का?

उत्तर १ : बॉड रेट (दोन उपकरणांमधल्या संवादाचा वेग) जुळत नाहीये. एचसी-०६ नवा असताना सहसा ९६०० वर असतो, बोर्ड ११५२०० वर बोलतो. मॉड्यूल यूएसबी-टीटीएल अडॅप्टरने कॉम्प्युटरला लावा. फोन जोडलेला नसताना (एलईडी लुकलुकत असताना) ‘एटी+बीएयूडी८’ ही आज्ञा रोमन कॅपिटलमध्ये, सलग पाठवा. टर्मिनलमध्ये ‘नो लाइन एंडिंग’ ठेवा. जुनं फर्मवेअर असेल तर शेवटी एंटर गेल्यास मॉड्यूल गप्प बसतो. ‘ओके११५२००’ आलं की झालं. बोर्डाला जोडताना टीएक्स (पाठवणारी पिन) आरएक्सला (घेणारी पिन), आरएक्स टीएक्सला. त्या वेळी बोर्डाची यूएसबी केबल काढलेली हवी.

आयफोनवाल्यांनी हा मॉड्यूल घेऊ नये, तिथे तो चालत नाही.

उत्तर २ : पीला हात लावण्याआधी बॅलन्स बघा. बॅटरी, कार्ड, फिल्टर सगळं कॅमेऱ्यावर चढवा, वीज बंद ठेवा. कोणत्याही कोनात सोडला तरी कॅमेरा तिथेच थांबायला हवा. घसरत असेल तर पीआयडीने (पी, आय, डी या मूल्यांनी) काही सुधारणार नाही, मोटर मात्र तापेल.

मग ड्रोनचे प्रोपेलर काढून तिन्ही अक्षांवर पी १०, आय (साचलेली चूक हळूहळू भरून काढणारं मूल्य) ०.०१, डी (डोलणं दाबणारं मूल्य) १० ठेवा. एका वेळी एकच अक्ष. कॅमेऱ्याला हलकी टिचकी मारा आणि ॲपमधला जायरोचा (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचा) आलेख बघा. डोलणं सुरू होईपर्यंत पी वाढवा, मग ते लवकर विरेल एवढा डी. आलेखाची रेघ केसाळ झाली, हाताला बारीक कंप लागला, की डी जास्त झाला. पी-डी दोन्ही थोडे उतरवा. आय सगळ्यात शेवटी : संथ झोके येऊ लागले की एक पायरी मागे या. तुमची गुणगुण बहुधा डीची किंवा मोटरच्या जास्त पॉवरची आहे, त्यामुळे आधी तेच तपासा.

उत्तर ३ : प्रत्येक बदलानंतर ‘राइट’ दाबा, नाहीतर बॅटरी काढताच मूल्यं जातात. भरलेल्या बॅटरीवर ट्यून केलेला गिंबल व्होल्टेज उतरल्यावर ढिला पडतो. बोर्डातली व्होल्टेज-ड्रॉप भरपाई चालू करा. उडवण्याआधी मॉड्यूल काढून ठेवा, तो ड्रोनच्या रिमोट रिसीव्हरच्याच २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो.

प्रश्नकर्ता : बॉड बदलला, ॲप लगेच जोडलं. टिल्टचा डी उतरवताच गुणगुण थांबली. आता रोल (डावी-उजवीकडचा कल) हा अक्ष.