जर्मन आणि थाई एका तागडीत नकोत
जर्मन आणि थाई या 'दोन्ही एकेका देशापुरत्या भाषा' असं एक विधान वाचलं. ते थाईला लागू पडतं. राजभाषा म्हणून ती थायलंडातच आहे. पण जर्मन? ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, लिश्टेनश्टाइन, लक्झेंबर्ग, बेल्जियमची पूर्वेकडची पट्टी, शिवाय इटलीतलं दक्षिण टिरोल! तिथल्या बोल्झानो स्टेशनच्या पाटीवर 'बोत्सेन'ही लिहिलेलं असतं. नामिबिया १९१५ मध्येच जर्मनांच्या हातून गेला, तरी विंडहुकमधून जर्मन दैनिक निघतं.

थाईची गंमत उलटी आहे. ईशान्य थायलंडात, म्हणजे इसानमध्ये, घरोघरी बोलतात ती लाओच; शाळेत आणि कचेरीत मात्र थाई. लाओ बोलणारे खुद्द लाओसपेक्षा इसानमध्येच जास्त आहेत. आणि मेकाँग नदीपलीकडचे, लाओसमधले लोक थाई टीव्ही बघून बघून ती भाषा आरामात समजतात.