मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये शिक्षिकेची नोकरी, व्हिसा आणि सीओएससाठी मागितलेले सहा लाख

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, लिहितेय पहिल्यांदा. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी सांगलीची. एम.एस्सी. गणित आणि बी.एड., दोन्ही शिवाजी विद्यापीठातून. नऊ वर्षं इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते. इंग्लंडने १ फेब्रुवारी २०२३ पासून भारतासह नऊ देशांतल्या शिक्षकांना क्यूटीएससाठी, म्हणजे तिथल्या पात्र शिक्षकाच्या दर्जासाठी, थेट ऑनलाइन अर्ज करता येईल अशी सोय केली. भारतीयांना अट अशी की ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवायची पात्रता हवी. अर्जाला पैसे पडत नाहीत. मी मागच्या वर्षी अर्ज केला आणि क्यूटीएस मिळालं. ईमेल आली त्या संध्याकाळी सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

पण क्यूटीएस म्हणजे व्हिसा नाही, हे आम्हाला नंतर उमगलं. व्हिसासाठी तिथल्या एखाद्या शाळेने नोकरी देऊन सीओएस, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, द्यावं लागतं. ते असेल तरच स्किल्ड वर्कर व्हिसाचा अर्ज करता येतो.

जानेवारीपासून सव्वीस शाळांना अर्ज पाठवले. त्यांच्या सरकारची टीचिंग व्हेकन्सीज नावाची साइट आहे, तिच्यावरून. तीन ठिकाणी ऑनलाइन मुलाखत झाली. एका शाळेने तर कॅमेऱ्यासमोर वीस मिनिटांचा पाठ घ्यायला लावला, विषय वर्गसमीकरणं. मी घरातला मुलीचा पांढरा फळा भिंतीला टेकवून शिकवलं. त्यांना आवडलं. गणित विभागाच्या प्रमुख बाई स्वतःहून म्हणाल्या की आम्ही दोन वर्षं गणिताचा शिक्षक शोधतोय. पण आता कळवतात की आम्ही परदेशातून कुणाला कधी घेतलेलं नाही, व्हिसाचं विचारून सांगतो. याला तीन आठवडे झाले. परदेशी कर्मचारी बोलवायचा परवाना असलेल्यांची सरकारी यादी असते, तिच्यात मी शाळेचं नाव शोधलं, ते तिथे नाही.

आता खरी अडचण. पुण्याचे एक सल्लागार आहेत. ते म्हणतात, ती शाळा तुम्हाला घेणार नाही, मी पंधरा दिवसांत सीओएस आणून देतो. आधी टीचिंग असिस्टंट म्हणून जायचं, तिथे गेल्यावर शिक्षिका म्हणून बदलून घ्यायचं. सहा लाख, त्यातले निम्मे आधी. नमुना म्हणून त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर दुसऱ्या कुणाचं तरी सीओएस पाठवलं. एक पानी पीडीएफ, खाली गोल शिक्का आणि सही. घरात दोन तट पडलेत. यजमान नको म्हणतात. सासरे म्हणतात की ओळखीतला एक मुलगा असाच गेला, वर्ष वाया घालवू नकोस, मी एफडी मोडतो. त्यांचा जीव माझ्यासाठी तुटतो हे मला दिसतं, म्हणूनच नाही म्हणणं जड जातंय.

बाकीचे प्रश्न: मी नोव्हेंबरमध्ये इंग्रजीची साधी आयईएल्ट्स अकॅडेमिक परीक्षा दिली, ७ बँड आहेत. ती चालेल का? क्यूटीएसला विद्यापीठाचं 'शिक्षणाचं माध्यम इंग्रजी' हे पत्र चाललं होतं. दुसरं, माझ्या पदव्या माहेरच्या नावावर आहेत, तेही आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मधे यजमानांचं नाव. राजपत्रात नाव छापून आणावं लागेल का? विवाह नोंदणीचा दाखला गावच्या ग्रामपंचायतीचा आहे, पूर्ण मराठीत. आणि टीबीची तपासणी आत्ताच करून ठेवू का? नोकरी १ सप्टेंबरपासून आहे, इथल्या शाळेला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, आधी अभिनंदन. क्यूटीएस हातात असलेली गणिताची शिक्षिका इथे शोधून सापडत नाही. मी लेस्टरजवळ एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो, मूळचा साताऱ्याचा.

सहा लाख देऊ नका. कारण ऐका. सीओएस हा कागद नसतोच. शाळा होम ऑफिसच्या, म्हणजे इथल्या गृहखात्याच्या, ऑनलाइन यंत्रणेत तुमची माहिती भरते आणि तुम्हाला एक क्रमांक मिळतो, तो अर्जात लिहायचा. गोल शिक्का मारलेलं पान पाठवणाऱ्या माणसाने ही यंत्रणा पाहिलेली नाही, नाहीतर तुम्ही पाहिलेली नाही हे त्याला माहीत आहे. त्यातून २२ जुलै २०२५ पासून या व्हिसासाठी नोकरी पदवीच्या पातळीची लागते. टीचिंग असिस्टंटचं काम त्या पातळीत बसत नाही, त्यामुळे त्या नावाने भारतातून नवा अर्जच होत नाही. म्हणजे तो विकतोय तो दरवाजा बंद आहे. शिवाय ३१ डिसेंबर २०२४ पासून सीओएसची आणि परवान्याची फी कर्मचाऱ्याकडून वसूल करायला मालकांनाही बंदी आहे. इमिग्रेशन स्किल्स चार्ज, म्हणजे परदेशी कर्मचारी घेताना सरकारला द्यायची रक्कम, तर आधीपासूनच शाळेने भरायचा.

आता तुमच्या शाळेचं. यादीत शाळेचं नाव शोधू नका. इथल्या बऱ्याचशा शाळा अकॅडमी ट्रस्टच्या, म्हणजे शाळा चालवणाऱ्या संस्थांच्या, असतात आणि परवाना ट्रस्टच्या नावावर असतो. शाळेच्या वेबसाइटवर अगदी खाली, बारीक अक्षरात ट्रस्टचं नाव असतं, ते यादीत टाकून पाहा. शाळा कौन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेची, असेल तर कौन्सिलचं नाव टाका. माझ्याही शाळेचं नाव यादीत नव्हतं, ट्रस्टचं होतं. आणि परवाना नसलाच तरी नवीन अर्जावर साधारण आठ आठवड्यांत निर्णय होतो, सप्टेंबर अजून लांब आहे. मुख्याध्यापकांना हे माहीत नसतं. ते नाही म्हणत नाहीत, घाबरतात. त्यांना चार ओळींत नीट लिहून पाठवा.

इथल्या शिक्षकांना सप्टेंबरपासून दुसरीकडे जायचं असेल तर ३१ मेपर्यंत राजीनामा द्यावा लागतो. म्हणून एप्रिल-मे हेच जाहिरातींचे दिवस. ही शाळा हुकली तरी वर्ष हुकत नाही, हे सासऱ्यांना सांगा.

आयईएल्ट्सबद्दल वाईट वाटतं, पण साधी चालणार नाही. 'आयईएल्ट्स फॉर यूकेव्हीआय' अशीच लागते, यूकेव्हीआय म्हणजे इथलं व्हिसा खातं. प्रश्नपत्रिका तशीच, पण नोंदणी वेगळी. ८ जानेवारी २०२६ पासून इंग्रजीची लागणारी पातळीही बी१ वरून वरच्या बी२ वर गेली, तुम्हाला ७ आहेत म्हणजे तुम्ही सहज पार कराल. दुसरा मार्ग एक्टिस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या इथल्या संस्थेकडून पदवीचं मूल्यांकन आणि इंग्रजी माध्यमाचा दाखला. नुसतं विद्यापीठाचं पत्र व्हिसाला पुरत नाही. मला विचाराल तर परीक्षा देऊन मोकळ्या व्हा.

राजपत्राची मला गरज पडली नाही आणि माझ्या बायकोलाही नाही, तिचंही नाव असंच बदललेलं. सीओएसवर नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरन् अक्षर असू द्या, आणि जुन्या नावाचा दुवा म्हणून विवाहाचा दाखला जोडा. मराठी दाखल्याचं भाषांतर करून घ्या. त्यावर भाषांतर अचूक असल्याचं विधान, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा.

टीबीची घाई नको, प्रमाणपत्र सहाच महिने चालतं. ते मान्यताप्राप्त केंद्रातूनच घ्यायचं, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडचं चालत नाही. पोलिसांचा पीसीसी, म्हणजे गुन्हा नसल्याचा दाखला, मात्र आत्ता लावा. शिक्षकांना तो लागतोच, आणि गेल्या दहा वर्षांत दुसऱ्या देशात वर्षभर राहिला असाल तर तिथलाही.

पैशाचं नीट धरा. हेल्थ सरचार्ज, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबर भरायचे पैसे, मोठ्याला वर्षाला १,०३५ पौंड, मुलांना ७७६. तिघांचा तीन वर्षांचा ८,५३८ पौंड होतो, आणि तो एकदम भरायचा. व्हिसाची फी वेगळी. शिवाय शाळेने सीओएसवर तुमच्या सुरुवातीच्या खर्चाची हमी दिली नाही तर १,२७० पौंड सलग २८ दिवस खात्यात हवेत, कुटुंबाचे त्याहून वर. मी आधी एकटा आलो आणि बायको-मुलगा सात महिन्यांनी आले. ते सात महिने फार कठीण गेले, पण कर्ज काढावं लागलं नाही.

प्रतिसाद २

वरच्या दादांनी सगळं सांगितलंच आहे, भारताच्या बाजूचं एवढंच घालते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी नोकरी लावून देणाऱ्याकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. नोंदणी असलेल्यालाही उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी याच्यावर घेता येत नाही. मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नाव तपासता येतं. त्यांना फोन करून नोंदणी क्रमांक मागा. माझ्या भावाने आखाती देशाच्या नोकरीच्या वेळी हा प्रश्न विचारला आणि समोरून फोनच ठेवला गेला.

पुन्हा मी (धागाकर्ती)

चार दिवसांनी लिहितेय. दादा, ताई, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही.

पुण्याला फोन केला. नोंदणी क्रमांक विचारल्यावर 'आम्ही फक्त कन्सल्टन्सी करतो' असं उत्तर मिळालं. मग सासऱ्यांना शेजारी बसवून दोन्ही प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. टीचिंग असिस्टंटचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. शेवटी म्हणाले, 'एफडी आहे तिथेच राहू दे, तिकिटाला लागेल.'

शाळेच्या वेबसाइटच्या तळाशी खरोखरच ट्रस्टचं नाव होतं, राखाडी अक्षरात. यादीत टाकलं तर सापडलं, स्किल्ड वर्कर असं समोर लिहिलेलं. मी मुख्याध्यापकांना तेवढंच लिहिलं: आपल्या ट्रस्टकडे परवाना आहे, माझ्याकडे क्यूटीएस आहे, नवा परवाना काढावा लागणार नाही. काल ट्रस्टच्या मनुष्यबळ विभागातून ईमेल आली. पासपोर्टची प्रत आणि पदव्या मागितल्यात, आणि पगार कोणत्या टप्प्यावर धरायचा ते ठरवायला नऊ वर्षांच्या अनुभवाचं पत्र. त्यांच्या पगारपट्टीची पहिली पायरी लंडनबाहेर २०२५-२६ साठी ३२,९१६ पौंड आहे, अनुभव धरला तर वरची मिळेल असं दिसतं.

यूकेव्हीआयची परीक्षा पुढच्या शनिवारी आहे, पीसीसीचा अर्ज भरला.

आता एकच अडलंय. अनुभवाचं पत्र मागायचं म्हणजे इथल्या शाळेला कळणार, आणि सीओएसचा क्रमांक अजून हातात नाही. नोटीस द्यायच्या आधी हे पत्र कुणी कसं मागितलं? काय कारण सांगितलं? मला खोटं बोलायचं नाहीये, दहावीच्या माझ्या मुलांनाही अर्ध्यावर सोडायचं नाहीये. ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांनी सांगा.