एकाच डोंगरावर तीन निरनिराळी राने: चराई, कापणी आणि चराईबंदी यांचा वनस्पतींवरील परिणाम कसा समजून घ्यावा?

प्रश्न : बालाघाट पायथा (पाटोदा, जि. बीड)

सर्वांना नमस्कार. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या गावामागे बालाघाटचा एक लांबट डोंगर आहे आणि पावसाळा सरत आला की नववीच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही तेथील वनस्पतींची नोंद करतो. डोंगराचा खडक एकच, मुरूम एकच, पाऊसही एकच. तरी त्याच्यावर तीन निरनिराळी राने आहेत. गावाकडचा उतार गायरान असून तेथे बारा महिने शेळ्या-मेंढ्या चरतात. दगडी बांध ओलांडला की चराईबंदी असलेला वनजमिनीचा तुकडा लागतो. पायथ्याला एका शेतकरी कुटुंबाचे खासगी कुरण आहे. तेथील गवत दिवाळीच्या सुमारास कापले जाते आणि त्यानंतरच गुरे आत सोडली जातात.

गायरानात सीताफळ, तरवड, घाणेरी आणि रुई यांखेरीज झुडूप म्हणावे असे फारसे काही उरलेले नाही. चराईबंद तुकड्यात धावडा, हिवर, बोर आणि आपटा यांची रोपे वर येत आहेत व गवत कमरेला लागते. सर्वाधिक प्रकारच्या वनस्पती याच तुकड्यात सापडतील असा विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जमिनीवर ठरावीक मापाच्या चौकटी टाकून त्यांतील वनस्पती मोजल्यावर दर चौकटीत सर्वाधिक प्रकार आढळले ते कापणीच्या कुरणात. चराईबंद तुकड्यातील चौकटींमध्ये गवताचे दोन-तीन प्रकारच भरून राहिलेले होते.

माणसाचा हात लागला की जैवविविधता घटते, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य मग या डोंगरावर कसे लावावे? एका विद्यार्थिनीने विचारलेला दुसरा प्रश्नही येथे मांडतो : माणूस येथे आलाच नसता, तर या डोंगरावर काय उगवले असते?

उत्तर १ : गवताळ माळ (परभणी)

सर, आपण तीन तुकडे शेजारी शेजारी मोजले हे फार मोलाचे आहे, कारण खडक आणि पाऊस सारखा असल्यामुळे उरलेला फरक बव्हंशी वापराचाच असणार.

आधी गायरान घेऊ. शेळी सीताफळाच्या पानाला तोंड लावत नाही. तरवड, रुई आणि घाणेरी यांचेही तेच. याउलट बोर, हिवर आणि बाभूळ यांची कोवळी फूट ती आवडीने खाते. म्हणजे आपल्याला त्या उतारावर जे दिसते ते शेळीने नाकारलेल्या वनस्पतींचे रान आहे, आणि जी रोपे तिला आवडतात ती बीज पडूनही गुडघ्याच्या वर जात नाहीत. त्यात माणसाची निवडही मिसळलेली आहे. सीताफळ हे मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतील झाड, पण बालाघाटात ते इतके रुजले की २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले. डोंगरातील फळे वेचून विकणारी कुटुंबे ते तोडत नाहीत, जपतात. शेळीने सोडलेले आणि माणसाने राखलेले झाड उतारभर पसरावे यात नवल नाही.

गवताचीही हीच कथा आहे. पवन्या, शेडा आणि मारवेल ही बहुवर्षीय, जनावरांना रुचणारी गवते सतत खुडली गेली की त्यांच्या मुळांना अन्नसाठा करायला उसंत मिळत नाही. ती विरळ झाली की त्यांची जागा कुसळी घेते. कुसळीचे एक बीज तळहातावर घेऊन पाहावे : एका टोकाला बारीक, केसाळ आणि सुईसारखे अणकुचीदार बूड, दुसऱ्या टोकाला पीळ दिलेले लांब कुसळ. ओल लागली की पीळ उलगडतो, वाळले की पुन्हा बसतो आणि या फिरण्याने बीज मातीत खोल शिरते. त्यामुळे ते वणव्यातूनही वाचते. फुलोऱ्यानंतर हीच कुसळे मेंढीच्या लोकरीत आणि कातडीत रुतत असल्यामुळे मेंढपाळ आपला कळप तेथून हलवतात व कुसळीला बी पाडायला मोकळीक मिळते. चराई याहून वाढली तर कुसळीही हटते, आणि मग उघडा मुरूम व पावसापुरते उगवणारे गवत एवढेच राहते.

आता कुरण. तेथे कापणी होते ती बी झडून गेल्यावर, म्हणजे गवताचे पुढच्या वर्षाचे काम झालेले असते. कापणीमुळे जुना पेंढा साचत नाही, जूनमध्ये जमिनीपर्यंत ऊन पोहोचते आणि केना, रानमूग, भुईआवळी अशा बुटक्या वनस्पतींना उगवायला जागा मिळते. चराईबंद तुकड्यात वाळलेल्या गवताचा थर वर्षानुवर्षे साचत जातो. त्याखाली लहान रोपे गुदमरतात आणि उंच गवतेच टिकतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेथे वणव्याची भीतीही सर्वाधिक असते.

मध्यम प्रमाणात हस्तक्षेप असलेल्या ठिकाणी विविधता सर्वाधिक असते, असे गृहीतक परिसंस्थांचे अभ्यासक जोसेफ कॉनेल यांनी १९७८ मध्ये वर्षावने आणि प्रवाळभित्ती यांच्या आधारे मांडले होते. आपले कुरण त्याला जुळते खरे. परंतु पुढे त्या गृहीतकावर बरीच टीका झाली आणि ते सर्वत्र लागू पडत नाही हे दिसून आले, म्हणून मी तेवढ्यावर विसंबणार नाही. चौकटीतील प्रकारांची संख्या हे एक माप झाले. कोणते प्रकार, हे त्याहून महत्त्वाचे. धावड्याचे रोप आपल्याला चराईबंद तुकड्यातच भेटणार, कुरणात ते दर वर्षी विळ्याखाली जाणार. चौकटीत कुरण श्रीमंत असले, तरी संपूर्ण डोंगराची विविधता तीन तुकडे मिळून बनली आहे. उद्या तिन्ही ठिकाणी चराईबंदी केली, किंवा तिन्ही ठिकाणी कापणी सुरू केली, तरी डोंगरावरील एकूण प्रकार घटतीलच असे मला ठामपणे वाटते.

उत्तर २ : पैनगंगेचे खोरे (किनवट, जि. नांदेड)

वरील विवेचनाला आमच्याकडची एक बाजू जोडतो. किनवटच्या सागवानी जंगलाकडे पाहून अनेकांना ते माणसाच्या हाताबाहेरचे वाटते, पण त्यातील झाडांची मांडणी नीट पाहिली तर गोंड, कोलाम आणि आंध कुटुंबांचा वापर पदोपदी जाणवतो. शेतासाठी रान मोकळे करताना मोहाचे झाड तोडले जात नाही. त्यामुळे शेतात दूर दूर उभे असलेले, मोठ्या घेराचे मोह दिसतात आणि त्यांच्याखाली मोहफुले वेचण्यासाठी जमीन झाडून स्वच्छ केली जाते, जेथे पालापाचोळा जाळल्याने लहान रोपे तगत नाहीत. तेंदूची झुडपे पानासाठी छाटली जातात, म्हणून ती झाड होण्याऐवजी झुडूपच राहतात व मुळांतून नवे फुटवे देतात. मोठे मोह आहेत, मधल्या वयाचे नाहीत. पुढच्या पिढीसाठी ही चिंतेची बाब आहे, आणि आपल्या नोंदीत प्रकारांबरोबर झाडांचे वय वा घेरही लिहिला गेला पाहिजे असे मला यावरून वाटते.

उत्तर ३ : मांजराकाठ (लातूर)

आपण सर्व जण डोंगराबद्दल लिहीत आहात. राज्यात वनक्षेत्र सर्वात कमी असलेल्या जिल्ह्यांपैकी लातूर एक आहे. आमच्याकडे झाडझाडोरा टिकला तो प्रामुख्याने शेताच्या धुऱ्यावर म्हणजे बांधावर, ओढ्याच्या काठावर, पाणंदीच्या दोन्ही बाजूंना आणि देवस्थानाच्या किंवा कब्रस्तानाच्या आवारात. म्हणून मी सपाटीवरच्या शिवाराबद्दल लिहिते.

आमच्या भाऊबंदांच्या दोन शेतांमधला जुना धुरा अजून शाबूत आहे. साधारण दोन पावले रुंद, मधोमध उंच झालेला, वेचून टाकलेल्या दगडगोट्यांचा. त्याच्यावर रामकाठी बाभळी आहेत, एक लिंब, बोरीचे जाळे, त्यात चढलेली गुळवेल, खाली हरळी आणि मारवेल, आणि दगडांच्या फटींत घोरपडीची बिळे. हे आपोआप घडलेले नाही. रामकाठी बाभूळ सरळ वर जाते, तिची सावली पिकावर फार पडत नाही, आणि वखर, तिफण, बैलगाडी यांना लाकूड तिचेच लागे, म्हणून ती राखली गेली. मारवेल बैलांसाठी कापला जाई. बोरीच्या काट्या कुंपणाला जात. म्हणजे धुऱ्यावरच्या एकेका वनस्पतीमागे शेतीतील एकेक गरज उभी होती. बैल गेले, ट्रॅक्टर आला, औजारे लोखंडाची झाली आणि कुंपणाला तार आली, तेव्हा त्या गरजा संपल्या. वाटण्या होऊन शेत अरुंद झाले की धुऱ्याची दोन पावलेही जड वाटू लागतात आणि जेसीबीने एका दुपारी धुरा सपाट होतो. कर्जाखाली दबलेल्या शेतकऱ्याला मी यासाठी दोष देऊ इच्छित नाही, पण धुरा गेला म्हणजे नेमके काय गेले, हे लिहून ठेवणे आवश्यक आहे.

कारण धुरा हा रस्ता होता. ओढ्यापासून माळापर्यंत जोडलेल्या धुऱ्यांवरून पक्षी, सरडे, मुंगूस आणि त्यांच्यासोबत फळांचे बी फिरत असे. मधले धुरे गेले की उरलेले झाडांचे पुंजके एकमेकांपासून तुटतात, आणि तुटलेल्या पुंजक्यातला एखादा प्रकार संपला तर तो बाहेरून पुन्हा येण्याची वाट राहत नाही. ओढ्यांचे रुंदीकरण आणि खोलीकरण करतानाही हेच झाले : पाणी अडले, त्याची गरज होतीच, परंतु काठावरचे करंज, उंबर आणि जांभूळ उपटून निघाले आणि उपसलेल्या गाळाच्या ढिगांवर वेडी बाभूळ आली.

पिकांचेही असेच आहे. ज्वारीत तूर, मूग, मधूनच अंबाडी, आणि रब्बीच्या ज्वारीला कडेने काटेरी करडई, अशी एका शेतातच पाच पिके असत. आज खरिपात नजर जाईल तिथवर सोयाबीन असते. तणनाशकामुळे पाथरी, घोळ, तांदुळजा या रानभाज्या शेतातून कमी झाल्या आहेत आणि त्या वेचून स्वयंपाक करणाऱ्या बायकांना हा बदल सर्वांच्या आधी कळला.

किल्लारी परिसरातील एक गोष्ट यानिमित्ताने सांगण्याजोगी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर गावे नव्या जागी वसली आणि जुनी गावठाणे ओस पडली. आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न आहे की माणूस नसता तर काय उगवले असते. येथे माणूस निघून गेल्यावर काय उगवले ते पाहता येते. जुन्या वस्तीच्या पांढऱ्या, राख-शेण मुरलेल्या मातीवर वेडी बाभूळ माजली आहे. तिच्या आडोशाला लिंब, धोतरा आणि आघाडा आहे. माणूस गेला म्हणून जुने रान परत आले नाही, कारण माती आणि जवळपासचे बी हे दोन्ही माणसाने बदललेलेच होते.

उत्तर ४ : तेरणा (धाराशिव)

मांजराकाठच्या ताईंचे शेवटचे उदाहरण फार महत्त्वाचे आहे, आणि त्याला मी काळाची खोली जोडू इच्छितो. आमच्याकडचे तेर, गोदाकाठचे पैठण आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन ही सातवाहनकाळातील भरभराटीची नगरे होती. त्यांना धान्य, लाकूड आणि जळण पुरवणारा मुलूख दोन हजार वर्षांपूर्वीही नांगरलेला, तोडलेला आणि चारलेला होता. त्यामुळे माणसाशिवायचा मराठवाडा कोणत्या काळात शोधायचा, याचे सोपे उत्तर नाही.

मात्र यावरून एक चुकीचा निष्कर्ष काढला जातो : उघडा माळ दिसला की ते उजाड झालेले जंगलच आहे असे समजून तेथे चर खोदले जातात व गिरीपुष्प, सुबाभूळ लावली जाते. कमी पावसाच्या, उथळ मुरमाड जमिनीवर विरळ झाडांचे गवताळ रान हे मुळातच टिकाऊ रूप असू शकते. काळवीट, लांडगा, चंडोल यांचे ते घर आहे, आणि गवताची मुळे एकदा उखडली की त्यांची जुनी वीण लवकर परत येत नाही. माझे मत असे आहे की आपल्या गायरानावर झाडे लावण्यापेक्षा पावसाळ्याचे तीन महिने आळीपाळीने एकेका भागात चराई थांबवणे अधिक उपयोगी ठरेल. पूर्ण बंदीला मात्र माझा विरोध आहे, कारण गायरानावर भूमिहीन कुटुंबांच्या शेळ्या जगतात.

बालाघाट पायथा (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आळीपाळीच्या चराईबद्दल गावातील मेंढपाळांशी आणि शेळीवाल्या महिलांशी बोलणार आहे. आता या तीन तुकड्यांचा पूर्वीचा वापर कसा होता हे शोधायचे आहे. ते कोठून सुरू करावे?

उत्तर ५ : गवताळ माळ (परभणी)

सर, महसुली कागदांपासून सुरुवात करावी. मराठवाड्यात १९५४-५५ चे खासरा पत्रक पुष्कळ गावांसाठी तहसील कार्यालयात मिळते. त्यात कोणती जमीन पिकाखाली होती आणि कोणती पडीक वा गायरान, हे कळते. त्याशेजारी गावनकाशा आणि जुने स्थलदर्शक नकाशे ठेवावेत. १९७२ च्या दुष्काळातील कामांत त्या डोंगरावर बांधबंदिस्ती किंवा पाझर तलाव झाला होता का, हे त्या कामावर गेलेली वृद्ध माणसे सांगू शकतील, कारण अशा कामांनी मातीची खोली जागोजागी बदललेली असते आणि एरवी त्या फरकाचे श्रेय आपण चराईला देऊन बसू.

नोंदीत दोन गोष्टी वाढवाव्यात. प्रत्येक चौकटीत शेळीच्या लेंड्या आणि खुडलेले शेंडे मोजले तर चराईचा दाब अंदाजाने नव्हे, आकड्यात मिळेल. आणि एक मीटरच्या चौकटींबरोबर झुडपांसाठी दहा मीटरच्या काही चौकटी टाकाव्यात, म्हणजे धावडा-हिवरासारखे विरळ प्रकार मोजणीतून निसटणार नाहीत. हे सर्व कापणीच्या आधी, गवत फुलोऱ्यात असतानाच उरकावे. तुरे झडल्यावर पवन्या आणि शेडा यांतला फरक विद्यार्थ्यांना ओळखू येत नाही.