डिमेन्शिया: नुसतं वय नव्हे

"विस्मरण म्हातारपणाचाच भाग, त्याला इलाज काय" हे मत पटत नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाचा २०२४चा अहवाल डिमेन्शियाचा (स्मरण आणि विचारशक्ती ढासळत जाण्याचा) धोका वाढवणारे १४ टाळता येण्याजोगे घटक मोजतो. ते दूर झाले तर सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळेल किंवा उशिरा होईल. त्यात कमी ऐकू येणं ७, एकटेपणा ५, हवेचं प्रदूषण ३ टक्के. आपल्या ग्वाल्हेरात तिन्ही एकाच घरात सापडतात: मुलं पुण्याला, लश्कर भागातल्या वाड्यात आजी एकट्या, कानाचं मशीन डबीत आणि थंडीत खोलीत सिगडी. (कोळशाचा धूर दिसत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतोच, दार लावून झोपू नये.)

डिमेन्शियात मृत्यूचं निमित्त पुष्कळदा न्यूमोनिया. शेवटच्या टप्प्यात गिळणं बिघडतं, चहा-पाणी श्वासनलिकेत जातं. म्हणून पडल्या-पडल्या भरवू नका. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा. आधीचा घास गिळल्याशिवाय पुढचा नाही. नंतर अर्धा तास बसतं ठेवा. खोकला किंवा ओलसर, घोगरा आवाज आला की थांबा. दात रोज घासा, कवळी रात्री काढा. तोंडातले जंतूच फुप्फुसात उतरतात.